रुमालाखालचं जग

तिसरं महायुद्ध होणार नाही असं मला आयुष्यात एकाच माणसानं छातीठोकपणे सांगितलं, आणि मी ते खरं मानलं. हा माणूस दिल्लीत कुठल्या मोठ्या खुर्चीवर बसत नव्हता. पांढरकवड्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, तो कापसाची पारख करायचा. शेतकऱ्याची कापसानं भरलेली बैलबंडी फाटकातून आत आली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी ओढून बघायचा आणि प्रत सांगून मोकळा व्हायचा. सगळं गाव त्यांना पारखी म्हणे, मीही इथे तेवढंच म्हणतो. नाव घेतलं तर त्यांच्या घरच्यांना वाईट वाटेल, आणि मला जे सांगायचं आहे त्यात वाईट वाटण्यासारखं पुष्कळ आहे.

मी मूळचा कळंबचा. छप्पन साली बायको आणि तान्ही मुलगी घेऊन पांढरकवड्याला आलो आणि त्या जिनात पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून लागलो. पहिल्या दिवशी पारखींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बाबू, सुवेझ कोठी हाये?”

मला वाटलं, आसपासचं एखादं खेडं असेल. म्हणालो, “मारेगावच्या पुढं असेल कुठंतरी.”

ते हसले नाहीत. नाराजही झाले नाहीत. “तुमचा पगार त्या कालव्यातून येते,” ते म्हणाले. “घरी जाऊन नकाशा पाहा.”

घरी कुठला नकाशा असणार? नकाशा त्यांच्याच खोलीत होता. कुठल्याशा शाळेनं बाद केलेला, कडा कुरतडलेला जगाचा नकाशा त्यांनी भिंतीवर ठोकला होता आणि त्यावर डिंकानं कापसाचे पुंजके चिकटवले होते. इजिप्तवर लांब धाग्याचा तलम पुंजका, अमेरिकेवर जाडसर, रशियाच्या दक्षिणेला एक पिवळट, आणि आपल्या वऱ्हाडावर आखूड धाग्याचा आपला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून नमुने मागवून त्यांनी हे जग जमवलं होतं. चीनवर मात्र पुंजका नव्हता, नुसता डिंकाचा डाग होता. तिथला कापूस त्यांच्या हाती कधी आला नव्हता. “न पाहिलेल्या मालाची प्रत मी सांगत नाई,” असं ते त्याबद्दल म्हणत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं असेल.

अंगात बारा महिने काळा कोट. आमच्याकडच्या वैशाखात माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतात, तेव्हाही हा गृहस्थ गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. कारण विचारलं तर डावी बाही पुढे करायचे. ओढलेला धागा काळ्या बाहीवर ठेवला की त्याची लांबी नीट दिसते, म्हणून कोट. त्या बाहीला कायम कापसाची लव चिकटलेली असे, आणि लग्नाकार्यातही ते त्याच बाहीनं अक्षता टाकत. त्यांची बायको त्यांच्या रेडिओला सवत म्हणायची आणि तिनं तो घरातून हाकलला होता. म्हणून तो बॅटरीवरचा रेडिओ जिनात आला, त्याची तार कडुनिंबावर चढली, आणि आमच्या जिनात सकाळ-दुपार-संध्याकाळ जग बोलू लागलं. बातम्या पारखी उभे राहून ऐकत, टोपी घालून. देवापुढे आपण बसतो, पण यांना बातम्यांपुढे बसलेलं चालत नसे. दिल्लीच्या झाल्या की लंडनहून येणाऱ्या हिंदी. त्या संपल्या की रेडिओ बंद करून निकाल सांगायचे. निकाल हा त्यांचाच शब्द.

आता रुमालाचं सांगतो, कारण त्यांचं सगळं शहाणपण त्या रुमालात होतं. आमच्या कापसाच्या बाजारात पूर्वी सौदे तोंडानं होत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घेत, वर रुमाल टाकत, आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवत. वर मात्र जोरजोरात भांडण चाललेलं असे. एक म्हणे, माल कचरा आहे. दुसरा म्हणे, घेऊ नका, चालते व्हा. बघणाऱ्याला वाटे आता हाणामारी होते. तेवढ्यात रुमाल बाजूला होई आणि दोघं पान खायला निघून जात. उघडा लिलाव सुरू झाल्यावर ही पद्धत बंद पडत आली होती, पण जुन्या लोकांचा जीव तिच्यातच होता. शेवटी मूठ आवळली की सौदा पक्का. रुमालाखाली आवळलेली मूठ कुणी फिरवली असं माझ्या ऐकण्यात नाही.

पारखींचं म्हणणं असं की रशिया आणि अमेरिका हेच करतात. “वरतं बोंबलनं आयकू नका,” ते म्हणायचे. “रुमालाखालतं बोटं कशी हालून राह्यली ते पाहा.” ज्यांच्याजवळ अणुबाँब आहे ती माणसं लढत नाहीत, नुसती भाव करतात, आणि मोठे भाव करत असताना लहानांना कुणी मारत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. आज तो आठवताना मला घाम फुटतो. तेव्हा आम्ही माना डोलावत होतो.

डोलावणार नाही तर काय? माणूस बरोबर निघायचा. मी लागलो त्याच मोसमात सुवेझवर बाँब पडले, कालवा बंद झाला, आणि इजिप्तचा कापूस मुंबईला येणं थांबलं. पारखींनी हे आधी सांगून ठेवलं होतं आणि मालकांना कापसाच्या गाठी विकायच्या थांबवायला लावलं होतं. इंग्रज आणि फ्रेंच महिन्या-दोन महिन्यांत हात हलवत परत जातील, कारण अमेरिकेनं वरून दम भरला आहे, हेही त्यांनी सांगितलं, आणि तसंच झालं. गावानं तोंडात बोटं घातली. त्या दिवसापासून बैल घ्यायचा असो की सोयरीक जुळवायची असो, लोक पारखींना विचारायला येऊ लागले. बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली त्या सुमारास आमच्या गल्लीतले दोघे भाऊ अंगणात भिंत घालायला निघाले होते. पारखींनी त्यांना समोर बसवून तासभर बर्लिन समजावलं. भावांना काही कळलं नाही, पण घाबरून त्यांनी भिंतीचा विचार सोडला.

तोवर एकदाच मी त्यांना बातमीपुढे ढासळलेलं पाहिलं होतं, तेही भलत्याच कारणानं. रशियानं आकाशात कुत्री पाठवली. सगळीकडे कौतुक चाललं होतं, आम्हीही कौतुकानं त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “वर पाठोली, आन खाली आनाची सोयच नाई केली,” ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अणुबाँबची नावं पापडाच्या जातींसारखी घेणारा माणूस एका कुत्रीसाठी उपाशी राहतो, याचा मला मोठा अचंबा वाटला होता.

हरचंद नाईक आमच्या जिनात दर मोसमात कापूस घेऊन यायचे. मारेगावच्या वाटेवर त्यांचा तांडा होता. कापूस पेरून त्यांच्या घराला दोन पिढ्या झाल्या होत्या, पण त्याआधी त्यांची माणसं शेकडो बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडायची. पारखी आणि नाईक यांची गट्टी जमली ती यावरूनच. नाईक सांगायचे, राजेरजवाडे लढत तेव्हा दोन्ही फौजांना धान्य आमचेच लोक पुरवत, आणि दोन्ही फौजांमधून आमचे बैल बिनधास्त जात. माल वाहणाऱ्याला हात लावायचा नाही, हा कायदा होता. पारखी हे ऐकून खूष. पुन्हा पुन्हा सांगायला लावत. “नाईक, खरे अलिप्त तुमी,” ते म्हणत, आणि नाईकांना अलिप्त म्हणजे काय ते कळत नसलं तरी मान मिळाला हे कळत असे.

नाईकांना दोन मुलगे, थावरा आणि सोमला. थावरा फौजेत होता, खेचरांच्या तुकडीत. हिमालयातल्या चौक्यांवर खेचरांच्या पाठीवरून पीठ, साखर आणि रॉकेल पोचवायचं, हे त्याचं काम. नाईकांना याचा कोण अभिमान. पणज्यानं बैलांवर वाहिलं, पणतू खेचरांवर वाहतो, एवढाच फरक. बासष्ट सालच्या पोळ्याला थावरा दोन महिन्यांच्या सुटीवर आला. बायकोचे दिवस भरत आले होते. आणि पितृपक्षात तार आली.

तांड्याची पत्रं आमच्या जिनाच्या पत्त्यावर येत, तेव्हा तार मीच फोडली आणि मीच वाचली. सुटी रद्द, ताबडतोब हजर व्हा, एवढाच मजकूर. निरोप धाडला तसे दुपारी नाईक बंडी घेऊन आले. बंडीत घोंगडी पांघरून थावरा पडला होता. हिवतापानं त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याला तपासून कागद लिहून दिला होता की या जवानाला पंधरा दिवस हलवू नये. कागद खरा होता, ताप खरा होता. तो कागद उलट टपालानं पाठवला असता तर कुणी ब्र काढला नसता.

नाईकांनी कागद पारखींच्या पुढे ठेवला. “डाक्टर म्हनते ठेवा. याडी म्हनते ठेवा,” याडी म्हणजे थावराची आई. “पोट्टा म्हनते जातो. तिकडं चीनवाले काहीबाही करून राह्यले म्हने. लढाई लागन का? तुमी सांगा, तसं करतो.”

पारखींनी कागदाकडे पाहिलंही नाही. “थावरा, खेचरावर काय वाहतं तू?”

“पीठ,” थावरा घोंगडीतून म्हणाला. “साखर. राकेल.”

“नाईक, तुमच्या आज्यानं काय वाहलं?”

“मीठ. धान.”

“कोनी हात लावला त्याले?”

“नाई बाप्पा.”

“मंग कायले भेता?” पारखी म्हणाले. “लढाई होत नाई. चीन वरतून बोंबलून राह्यला, आन रशियाले आपन दोस्त पायजे, अमेरिकेलेई पायजे. थे दोघं त्याले हालू देनार नाईत. चार दिवसाच्या तापासाठी कागद लावला त पोट्ट्याच्या नावाले जल्मभराचा डाग लागन. जाऊ द्या. दिवाळीच्या मांगं महिनाभरात परत येईन.”

नाईक तरी घुटमळले. तेव्हा पारखींनी खिशातून रुमाल काढला, नाईकांचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. आत मूठ आवळली. झालं. नाईकांच्या चेहऱ्यावरची सगळी काळजी उतरली. मी बाजूला उभा राहून गालातल्या गालात हसत होतो, की बघा, हा माणूस आता कापसासोबत माणसांचेही सौदे पक्के करायला लागला. ते हसू मला अजून टोचतं. मी शिकलेला माणूस. तो कागद उचलून मी लिफाफ्यात घालू शकत होतो.

थावरानं जाताना माझ्याकडून दहा पोस्टकार्डांवर जिनाचा पत्ता लिहून घेतला, म्हणजे तिथे पत्ता लिहायला कुणी शोधायला नको. बसच्या पायरीवर चढताना त्याला दांड्याला दोन्ही हातांनी धरावं लागलं. त्या दहांपैकी एक कार्ड आलं. थंडी फार आहे, ताप मधून मधून येतो, खेचरं चढाला अडतात, मुलगा झाला की मुलगी ते कळवा. मुलगा झाला होता. मी लगेच उत्तर टाकलं. ते पोचलं की नाही कोण जाणे.

आणि मग ती सकाळ. दिल्लीच्या बातम्यांत सांगितलं की चीननं एकाच वेळी नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आणि लडाखात हल्ला केला आहे. पारखी नेहमीप्रमाणे टोपी घालून उभे होते. बातम्या संपल्या, गाणी लागली, तरी ते तसेच. रेडिओ बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. आम्ही सगळे निकालाची वाट पाहत होतो. ते म्हणाले, “बातमी चुकीची असंन.” मग लंडनची वेळ झाली, आणि लंडननंही तेच सांगितलं. तेव्हा ते मागे सरकत एका गाठीवर जाऊन बसले. बातम्या चालू असताना त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी घाबरलो तो युद्धाच्या बातमीनं कमी, त्यांना बसलेलं पाहून जास्त.

दोनच दिवसांत दुसरी बातमी. रशियानं क्युबात अण्वस्त्रं नेऊन ठेवली आणि अमेरिकेनं आरमार आडवं घातलं. सगळं जग जळून जाणार असं लंडनवाला सांगू लागला. आमच्या जिनातल्या बायका-माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. क्युबा म्हणजे काय हे माहीत नसलेल्या बाया पदर तोंडात धरून रेडिओभोवती जमल्या. पारखींनी गाठीवर बसल्या बसल्याच सांगितलं, “भेऊ नका. आठ दिवसांत मिटते. रशिया क्युबातून काढन, आन अमेरिका दुसरीकडून काई तरी काढन, पन थे सांगनार नाई. रुमालाखालतं होईन.” ऐन दिवाळीत ते मिटलं. रशियानं माघार घेतली म्हणून जगभर गाजलं. अमेरिकेनंही त्या बदल्यात आपली अस्त्रं तुर्कस्तानातून गुपचूप काढली, हे मी कित्येक वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं, आणि हातातला कप खाली ठेवून नुसता बसून राहिलो. सात समुद्रांपलीकडचं या माणसाला इतकं अचूक दिसत होतं. आणि थावराला बसमध्ये त्यानंच बसवलं होतं.

चूक कुठे झाली हे पारखी त्या दिवाळीत स्वतःशीच पुटपुटत असायचे. “दोघंई तिकडं पाहून राह्यले होते. आपल्याकडं कोनी पाह्यलंच नाई.” एवढंच पुन्हा पुन्हा.

नोव्हेंबरात लढाई थांबली आणि डिसेंबरात दुसरी तार आली. थावरा बेपत्ता. नाईकांनी मला विचारलं, “बेपत्ता म्हंजे काय?” मी पारखींकडे पाहिलं. मला सुटका हवी होती. आणि पारखी लगेच उभे राहिले, त्यांचा आवाज जुनाच झाला. बेपत्ता म्हणजे कैदेत. कैदी म्हणजे सौद्याचा माल, त्याला जपतात. उन्हाळ्यापर्यंत सोडतील. त्या हिवाळ्यात नाईक आठवड्यातून दोनदा तांड्यावरून यायचे आणि बातम्या ऐकून परत जायचे. उन्हाळ्यात कैदी खरंच सुटू लागले. पुन्हा पारखींचं बरोबर निघालं, आणि मी लाचारासारखा पुन्हा मान डोलावली.

त्या सुटलेल्यांपैकी एक जण एका दुपारी जिनाच्या फाटकात येऊन उभा राहिला. पुसदकडचा होता, थावराच्याच तुकडीतला. थावराच्या कार्डांवर आमचा पत्ता त्यानं वाचला होता. चेहरा उन्हानं रापलेला आणि दोन बोटं हिमानं झडलेली. आम्ही नाईकांना बोलावणं पाठवलं. ते येईपर्यंत तो नुसतं पाणी पीत राहिला. नाईक आले, कडुनिंबाखाली बसले. पारखी कोट घालून त्यांच्या शेजारी उभे.

तो खाली पाहत बोलला. “आमाले पहिले मारलं. वरच्या चौक्यायवर खायाले दाना नोता. चीनवाल्यायले माहीत होतं, पीठवाले थांबोले का वरचे आपोआप संपते. त्यायनं खेचरायचीच वाट धरून ठेवली होती. थावरा सगळ्यात पुढं. त्याले ताप होता, हातात जोर नोता, म्हनून त्यानं खेचराचा दोर मनगटाले गुंडायला होता. खेचराले गोळी लागली, थे दरीत गेलं. दोर सुटला नाई.”

माल वाहणाऱ्याला हात लावत नाहीत, म्हणून पाठवलेला माणूस, आणि माल वाहतो म्हणूनच त्याला आधी मारलं. ज्या तापाचा कागद आम्ही बाजूला सारला, त्याच तापानं दोर मनगटाला बांधायला लावला. इतकं सरळ, इतकं निर्दय काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही ऐकलं नाही.

नाईकांनी एकच प्रश्न विचारला. “माल पोचला का?”

“नाई,” तो म्हणाला.

नाईक त्या जवानाला घेऊन तांड्यावर गेले, थावराच्या आईला त्यानंच सांगावं म्हणून. मी पारखींच्या मागोमाग त्यांच्या खोलीत शिरलो. आयुष्यात मी वडीलधाऱ्याशी एवढ्या उर्मटपणे कधी बोललो नाही. नकाशावरच्या त्या डिंकाच्या डागाकडे बोट दाखवून विचारलं, “चीनचा कापूस तुम्ही कधी ओढून पाहिला होता? न पाहिलेल्या मालाची प्रत तुम्ही सांगत नाही ना? मग का सांगितली?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते अमेरिका सांगतील, रशिया सांगतील, काहीतरी सांगतील. ते म्हणाले, “लोकं इचारत होते बाबू. नाई म्हनाची सवय मोडली होती.”

हे ऐकून माझा राग आणखीच वाढला, कारण विचारणाऱ्यांत मी होतो. आम्हीच त्यांना तिथपर्यंत चढवलं होतं, आणि चढल्यावर त्यांना ते आवडत होतं.

रेडिओ त्यांनी एका चहावाल्याला देऊन टाकला. पुढच्या मोसमापासून ते प्रत तोंडानं सांगेनासे झाले, चिठ्ठीवर लिहून द्यायचे. कापूस ओढायचे, बाहीवर ठेवायचे आणि एवढा वेळ पाहत राहायचे की मागच्या बंडीवाले ओरडू लागत. चीननं अणुबाँब फोडला तेव्हा गाव पुन्हा त्यांच्याकडे धावलं, की आता काय होणार. ते उत्तर न देता गोदामात निघून गेले. लोकांना ते शिष्ट वाटू लागले. हळूहळू लोक सोयरिकीचं आणि बैलांचं दुसऱ्याला विचारायला लागले.

नाईक मात्र यायचे. पूर्वीसारखेच राम राम घालायचे, पारखींच्या हातीच कापूस द्यायचे, नातू चालायला लागला तेव्हा त्यालाही एकदा दाखवून नेला. त्यांनी कधी एक वाकडा शब्द काढला नाही. पारखी त्यांना पाहिलं की कोटाचं वरचं बटण चाचपत राहायचे. मला वाटायचं, एकदा नाईकांनी कानाखाली वाजवावी आणि हे संपावं.

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई लागली. कापसाला अजून बोंड धरायचं होतं, जिनात शुकशुकाट, आणि नाईक बंडीशिवाय चालत आले. धाकटा सोमला फौजेत जातो म्हणून हट्ट धरून बसला होता. यवतमाळला भरती चालू होती. पारखी नेहमीच्या जागी उभे होते, मी माझ्या टेबलाशी. नाईकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, “सोमलाले जाऊ देऊ का?”

पारखी गोदामाकडे वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. परत आले. एवढं सगळं होऊनही हा माणूस यांनाच विचारायला आला होता, आणि यांच्या तोंडून आता काय निघेल याचा मला भरवसा नव्हता.

“नाईक, मले कायले इचारता?” पारखी म्हणाले. “मले नाई समजत. लढाई किती दिवस चालन, कोन कोनाले मारन, मले काईच समजत नाई.”

नाईकांनी टोपी डोक्यावर ठेवली, ती नीट बसवली, आणि उठता उठता अगदी शांतपणे म्हणाले, “हेच तवा सांगतलं असतं, त पोट्टा तापात घरीच पडून राह्यला असता.”